रियाजाच्या घरगुती यंत्राची लय पक्की कशी करावी?

– विस्तार अधिकारी (कृषी), बी.एस्सी. (कृषी)

तबला किंवा पखवाज शिकणाऱ्याला रियाजासाठी लहरा लागतो. लहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात नेमकी बसणारी लहानशी चाल. पेटीवाला ती पुन्हा पुन्हा वाजवीत राहतो आणि तिच्या आधाराने वादक आपले कायदे व तुकडे वाजवून समेवर येतो. शहरात शिकवणीच्या जागी पेटीवाला मिळतो. खेड्यात मात्र पेटी वाजवणारा माणूस दिवसभर शेतात असतो. तो सप्त्यात बसेल, एकादशीच्या भजनाला बसेल. पण रोज पहाटे तासभर एकच चाल वाजवायला कोण येणार?

बाजारात लहऱ्याची तयार यंत्रे मिळतात, मोबाइलवरही सोय आहे. परंतु पुष्कळ घरांत चांगला मोबाइल एकच असतो आणि तो घरधन्याबरोबर शेतावर जातो. शिवाय गुरुजींनी सांगितलेलाच लहरा भरायचा असेल, तर घरी केलेले यंत्र सोयीचे पडते. अशा यंत्राला सिक्वेन्सर म्हणतात. ठरवून दिलेले स्वर ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या वेळेला वाजवणे, एवढेच त्याचे काम.

आमच्या तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबात आयटीआयला जाणाऱ्या भावाने बहिणीसाठी असे यंत्र तयार केले. बहीण तबल्याच्या परीक्षेला बसणार होती. यंत्र वाजू लागले, घरात सर्वांना आनंद झाला. महिन्याभराने गुरुजींच्या ध्यानात आले, की मुलीचा हात मध्येच किंचित दबकतो. यंत्र अडखळत होते, आणि त्याच्या सोबतीने हातही अडखळायला शिकला होता. गुरुजींनी यंत्र बंद ठेवायला सांगितले. भाऊ हिरमुसला व यंत्र मोडून टाकण्याच्या बेतास आला. वास्तविक सामानात काहीच दोष नव्हता. दोष होता तो प्रोग्रामात. शेतातील ओलावा मोजण्याच्या उपकरणांमुळे अशा बोर्डांशी माझा परिचय आहे, म्हणून आम्ही दोघे चार संध्याकाळ त्यासाठी बसलो. ज्या घरी असे यंत्र आहे किंवा करावयाचे आहे, त्यांना त्या कामाचा उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

यंत्रात काय काय असते?

यंत्राचा जीव म्हणजे आर्डुइनो उनो हा बोर्ड. आर्डुइनोची सुरुवात २००५ साली इटलीतील इव्रेया येथे, विद्यार्थ्यांना स्वस्तात उपकरणे करता यावीत या हेतूने झाली. उनो हा नमुना २०१० साली आला. त्यावर एटीमेगा ३२८ पी नावाची चिप असते. प्रोग्राम साठवायला ३२ किलोबाइट, काम चालू असताना लागणारी स्मृती २ किलोबाइट आणि वीज गेली तरी टिकणारी स्मृती, म्हणजे ईईप्रॉम, १ किलोबाइट, एवढाच तिचा संसार. पण लहऱ्याला तो भरपूर होतो.

याखेरीज चार बटणे (सुरू-बंद, मात्रा, स्वर व ताल), लय कमीजास्त करणारा एक नॉब, तीन एलईडी दिवे आणि आवाजासाठी पिझो चकती लागते. तांबडा दिवा समेचा, हिरवा टाळीचा, पिवळा खालीचा. बझर घेताना एक काळजी घ्यावी. ज्या बझरला नुसती वीज दिली की तो आपला एकच सूर काढतो, तो येथे निरुपयोगी. साधी पिझो चकती घ्यावी. दिव्यांसाठी ३ आणि ११ क्रमांकाच्या पिना टाळाव्यात. स्वर वाजवणाऱ्या ‘टोन’ या आज्ञेमुळे त्या पिनांवर दिव्याचा उजेड मंद-तेज करण्याचे काम बिघडते.

स्वरांची कंपनसंख्या ठरवताना षड्ज २४० धरला, तर हिशोब फार सोपा होतो. सा २४०, रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६०, ध ४००, नी ४५० आणि वरचा सा ४८०. सर्व संख्या पूर्णांकी येतात, आणि ‘टोन’ला पूर्णांकच चालतो. गुरुजींच्या तबल्याची पट्टी निराळी असेल, तर सर्व संख्या एकाच प्रमाणात वाढवून किंवा घटवून घ्याव्यात.

आधी मोजा, मग हात लावा

प्रोग्राम वाचायला घेतला, की दहा ठिकाणी दुरुस्ती सुचते आणि सर्व दुरुस्त्या एकदम कराव्याशा वाटतात. तसे करू नये. शेतात आपण नवे बियाणे, नवे खत आणि पाण्याची नवी पाळी एकाच वर्षी एकाच तुकड्यात घातली, तर उत्पन्न कशाने वाढले किंवा घटले हे कळत नाही. म्हणून प्रात्यक्षिकाच्या प्लॉटशेजारी जुन्या पद्धतीचा तुकडा राखतात. येथेही तोच नियम पाळावा. चालू असलेल्या प्रोग्रामची प्रत तारीख घालून जशीच्या तशी ठेवावी आणि एका वेळी एकच बदल करावा.

मोजणी अशी करावी. लय मिनिटाला ६० मात्रा ठेवावी व त्रिताल लावावा. १५ आवर्तने म्हणजे २४० मात्रा, म्हणजे बरोबर ४ मिनिटे. मोबाइलवरील घड्याळाने हा वेळ पाहावा. नंतर असेच १५ आवर्तने पुन्हा वाजवावीत, पण या खेपेला मध्ये बटणे दाबावीत व नॉब फिरवावा. दोन वेळांतील फरक वहीत लिहून ठेवावा.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. उनोवरील मुख्य चिपला चालवणारे घड्याळ सिरॅमिक रेझोनेटरचे असते. त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे ४ मिनिटांत सव्वा सेकंदाच्या आसपास. हा फरक प्रोग्रामचा नव्हे आणि रियाजाला तो बाधतही नाही, कारण सर्व मात्रा सारख्याच लांबतात किंवा आखूड होतात. घातक आहे ती मात्रामात्रांतील असमानता. आठ मात्रा नीट आणि नववी उशिरा, असे झाले की हात फसतो. आपल्याला घालवायची आहे ती ही असमानता.

पहिली दुरुस्ती : यंत्राला झोपू देऊ नका

शिकाऊ मुलांच्या बहुतेक प्रोग्रामांत ‘डिले’ ही आज्ञा असते. स्वर वाजव, दिवा लाव, १००० मिलिसेकंद थांब, पुढचा स्वर वाजव, असा तो क्रम. वाचायला सोपा, पण थांबलेल्या काळात प्रोग्राम काहीही पाहत नाही. मिनिटाला ४० मात्रांच्या लयीत एक मात्रा दीड सेकंदाची होते. तेवढ्यात कोणी बटण दाबून सोडले, तर यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या मुलाने यावर तोड म्हणून ‘बटण सुटेपर्यंत थांब’ अशी ओळ घातली होती. आता बटण कळू लागले, परंतु ते दाबलेले असेपर्यंत लहराच थांबू लागला. मूळ दुखणे हेच होते.

उपाय असा. यंत्राने झोपण्याऐवजी घड्याळ पाहत राहावे. पाळीचे पाणी देणारा शेतकरी बांधावर झोपून राहत नाही. तो खुरपणी करतो, गुरे हाकतो आणि मधूनमधून घड्याळाकडे नजर टाकतो. ‘मायक्रोस’ ही आज्ञा बोर्ड सुरू झाल्यापासून किती मायक्रोसेकंद झाले ते सांगते. तिच्या आधारे प्रोग्रामचा फेरा असा बांधावा :

१. आताची वेळ घ्या.
२. आताच्या वेळेतून मागील मात्रेची ठरलेली वेळ वजा करा. बाकी एका मात्रेच्या काळाएवढी किंवा जास्त आली, तर मात्रा वाजवा. नाही तर पुढे चला.
३. मात्रा वाजवली असेल, तर ठरलेल्या वेळेत एका मात्रेचा काळ मिळवा, मात्रेचा क्रमांक एकने वाढवा आणि ताल संपला असेल तर क्रमांक शून्यावर आणा.
४. बटणे पाहा.
५. नॉब पाहा व पुन्हा पहिल्या कलमावर या.

असा फेरा सेकंदाला हजारो वेळा होतो. त्यामुळे बटण सुटत नाही आणि मात्राही चुकत नाही.

तिसऱ्या कलमातील एक शब्द महत्त्वाचा आहे : ‘ठरलेल्या’ वेळेत मिळवा. पुष्कळ जण तेथे ‘आताच्या’ वेळेपासून पुढे मोजतात. समजा, एक मात्रा इतर कामामुळे २ मिलिसेकंद उशिरा वाजली. आताच्या वेळेपासून मोजले, तर तो उशीर पुढच्या सर्व मात्रांच्या गळ्यात पडतो, आणि पुढचा उशीर त्यात भर घालतो. ठरलेल्या वेळेपासून मोजले, तर एक मात्रा किंचित सरकेल, पण पुढची पुन्हा जागेवर येईल. चांगला पेटीवालाही असेच करतो.

आकड्यांचे डबे लहान घेऊ नका

उनोवर ‘इंट’ नावाच्या डब्यात ३२,७६७ पर्यंतचाच आकडा मावतो. मिलिसेकंद त्या डब्यात ठेवले, तर यंत्र जेमतेम ३२ सेकंद नीट चालते आणि मग वेडेवाकडे वागू लागते. ‘थोडा वेळ ठीक वाजते, मग बिघडते’ अशी तक्रार असेल, तर प्रथम हे तपासावे. वेळ नेहमी ‘अनसाइन्ड लाँग’ या मोठ्या डब्यात ठेवावी.

लयीवरून मात्रेचा काळ काढतानाही हीच फसगत होते. ६० गुणिले १००० असे साधे लिहिले, तर ६०,००० च्या ऐवजी उणे ५,५३६ असे उत्तर येते, कारण गुणाकार लहान डब्यातच होतो. त्यापेक्षा ६ कोटी मायक्रोसेकंदांना लयीच्या आकड्याने भागावे आणि ६ कोटीच्या आकड्यामागे यू आणि एल ही अक्षरे लावावीत. म्हणजे तो हिशोब मोठ्या डब्यातच होतो.

मोठा डबाही केव्हातरी भरतोच. मायक्रोसेकंदांचा आकडा सुमारे ७१ मिनिटांनी पुन्हा शून्यावर येतो. तासाभराहून थोडा जास्त रियाज झाला, की ही वेळ येणारच. परंतु वर सांगितल्याप्रमाणे ‘आताची वेळ वजा ठरलेली वेळ’ अशी वजाबाकी केली असेल, तर आकडा उलटला तरी बाकी बरोबरच येते. उलट ‘आताची वेळ पुढील वेळेपेक्षा मोठी आहे काय?’ असे विचारले असेल, तर त्या क्षणी लहरा चुकतो.

बटण आणि नॉब

बटण एकदा दाबले, तरी आतील पत्रा काही मिलिसेकंद थरथरतो आणि यंत्राला ते तीन-चार वेळा दाबल्यासारखे वाटते. एकदम दोन ताल पुढे उडी जाते ती यामुळे. यावर पुन्हा ‘डिले’ घालू नये. बटणाची स्थिती बदलली, की ती वेळ टिपून ठेवावी आणि पुढील २० मिलिसेकंद त्या बटणाकडे लक्ष देऊ नये. बटण ‘दाबलेले आहे’ यावर काम न करता ‘आत्ताच दाबले गेले’ या क्षणी एकदाच काम करावे.

नॉब स्थिर असला, तरी त्याचे वाचन एकदोन आकड्यांनी मागेपुढे होते. ० ते १०२३ या मापात चारपाच आकड्यांहून अधिक फरक पडला, तरच नॉब फिरवला असे समजावे. नाही तर लय सतत बारीकशी हलत राहते.

नवीन लय पुढच्या मात्रेपासून लागू करावी. नवीन ताल मात्र समेवरच बदलावा. बटण दाबले, की ‘पुढचा ताल अमुक’ एवढेच लिहून ठेवावे आणि चालू आवर्तन पुरे होऊ द्यावे. झपतालाच्या सातव्या मात्रेवर एकदम दादरा सुरू झाला, तर वादकाने काय करावे?

दहा वेळा लिहिण्याऐवजी एक तक्ता

आमच्या मुलाच्या प्रोग्रामात सोळा मात्रांसाठी एकसारखे सोळा परिच्छेद होते. एक दुरुस्ती करायची, तर ती सोळा ठिकाणी करावी लागे, आणि एखादी राहून जाई. त्याऐवजी तक्ते करावेत. एका तक्त्यात स्वरांची कंपने, दुसऱ्यात लहऱ्यातील स्वरांचे क्रमांक आणि तिसऱ्यात प्रत्येक तालाच्या मात्रांच्या खुणा. मग वाजवणारा भाग एकदाच लिहावा लागतो. तक्त्याची मोजणी शून्यापासून होते, हे विसरू नये. सोळा मात्रांच्या तक्त्यात शेवटचा क्रमांक १५. सोळावा क्रमांक मागितला, तर यंत्र तक्रार न करता भलताच आकडा देते.

मात्रांची संख्या प्रोग्रामात कायमची न लिहिता तालाबरोबर ठेवावी : त्रिताल १६, चौताल १२, झपताल १०, केरवा ८, रूपक ७, दादरा ६. खुणांचाही तक्ताच असावा. ‘पहिली मात्रा म्हणजे सम, म्हणून टाळी’ असे गृहीत धरले, तर रूपकात फसायला होते, कारण रूपकाची सम खालीवरच आहे. तेथे तांबडा व पिवळा दिवा एकदम लागला पाहिजे. तक्त्यात तशी खूण केली, की निराळा नियम लिहावा लागत नाही.

लहऱ्यात एखादा स्वर दोन मात्रांवर लांबतो. त्यासाठी शून्य क्रमांक म्हणजे अवग्रह धरावा. ‘टोन’ला तिसरा आकडा म्हणून स्वराचा काळ देता येतो, आणि स्वर सुरू करून ती आज्ञा लगेच मोकळी होते. पुढे किती अवग्रह आहेत ते मोजून तेवढा काळ द्यावा व शेवटी थोडी फट ठेवावी, म्हणजे लागोपाठचे दोन सारखे स्वर एकात एक मिसळत नाहीत.

जपून साठवा

वीज गेली तरी लहरा राहावा म्हणून तो ईईप्रॉममध्ये ठेवतात. या स्मृतीचा प्रत्येक कप्पा सुमारे १ लाख वेळा लिहिण्याची हमी असते. दर मात्रेला तेथे लिहिले, तर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ही मर्यादा १४ तासांच्या आत संपते. शिवाय एक कप्पा लिहायला ३ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. सोळा कप्पे म्हणजे ५० मिलिसेकंद, आणि तेवढी लय अडखळणार. म्हणून यंत्र थांबवल्यावरच साठवावे आणि ‘राइट’ऐवजी ‘अपडेट’ ही आज्ञा वापरावी. ती बदललेला कप्पाच लिहिते. कोऱ्या कप्प्यात २५५ हा आकडा असतो. वाचताना स्वराच्या क्रमांकाहून मोठा आकडा आला, तर प्रोग्राममधील ठरावीक लहरा घ्यावा.

शेवटची तपासणी

संगणकाच्या पडद्यावर आकडे दाखवणाऱ्या ओळी तपासणीपुरत्या ठीक असतात. पण ९६०० च्या गतीने एक अक्षर जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. ‘डिले’ काढल्यावर फेरा इतका जलद होतो, की अशी विसरलेली ओळ फेऱ्याफेऱ्याला यंत्राला अडवते. त्यापेक्षा प्रत्येक मात्रा ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा वाजली ते प्रोग्रामलाच मोजू द्यावे, त्यातील सर्वांत मोठा आकडा जपून ठेवावा आणि यंत्र थांबवल्यावर तेवढाच दाखवावा. प्रत्येक बदलानंतर तो आकडा वहीत लिहावा. आकडा घटला तर बदल ठेवावा, वाढला तर तारीख घातलेली जुनी प्रत काढावी.

यानंतर खरी परीक्षा कानाची. आमचे यंत्र गुरुजींनी डोळे मिटून पाऊण तास ऐकले, मुलाला मुद्दाम बटणे दाबायला लावली आणि मग मुलीला तबला काढायला सांगितला. सुरुवातीला विलंबित लयीतच रियाज करावा आणि हाताची जुनी खोड जाईपर्यंत लय वाढवू नये, असे त्यांनी बजावले. यंत्र चार संध्याकाळीत सुधारले, हात सुधारायला त्याहून जास्त दिवस लागले.

जाता जाता शेतकरी बंधूंना एक सूचना. घरातील मुलगा विहिरीवरच्या मोटारीसाठी किंवा ठिबकच्या व्हॉल्व्हसाठी असा बोर्ड वापरणार असेल, तर त्याच्या प्रोग्रामात ‘डिले’ किती ठिकाणी आहे ते अवश्य विचारावे. दहा मिनिटे झोपलेल्या प्रोग्रामला विहिरीचे पाणी संपल्याचे दिसत नाही आणि बंद करण्याचे बटणही कळत नाही. लहऱ्यात एक मात्रा चुकते. येथे मोटार जळते. मोटारीची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी, पण प्रोग्राम मात्र मुलाने स्वतः वाचून, मोजून आणि एका वेळी एकच बदल करून सुधारावा. तो या कामाला लहऱ्यापासून लागला असेल, तर उत्तमच. कारण तेथील चूक घरातल्या सर्वांना कानाने लगेच कळते.